उजव्याच्या काळजातली तिसरी तार

ताईच्या मुलीनं ज्या नवऱ्याला सोडलं होतं त्याच्याशीच पुन्हा लग्न केलं, त्या वर्षाची ही गोष्ट. पहिल्या लग्नाला गावभर माणूस जेवलं होतं. दुसऱ्याला घरचेच होते, आणि तेही हसू दाबून. मुलीचा मामा उजव्या, तो कोपऱ्यात खुर्ची धरून बसला होता, कारण उभा राहिला की त्याला धाप लागायची. नवरदेव भेटायला आला तेव्हा उजव्या म्हणाला, "जावईबापू, आता हात बसलाय तुमचा. पण तिसऱ्या वेळी मला बोलावू नका, मला झेपायचं नाही." ताईनं लांबूनच डोळे वटारले.

उजव्या हे आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते नाटकघरात पडलं. तिथं मधोमध दुभंगणारा जाडजूड मखमली पडदा होता. त्याच्या उजव्या अर्ध्याचा दोर हा ओढायचा, डाव्या अर्ध्याचा दोर दुसरा एक जण. तो डाव्या. दोघं एकमेकांना दिसायचे नाहीत, मध्ये अख्खा पडदा. तिसरी घंटा झाली की दोघांनी एकदम दोर खाली खेचायचा, एवढाच करार. तो उभ्या जन्मात कधी नीट पाळला गेला नाही. उजवा अर्धा आधी सरकायचा आणि डावा त्याच्यामागून, झोपेतून उठवल्यासारखा.

बहुतेक वेळा ते खपून जायचं. एका रात्री खपलं नाही. राजाचं नाटक होतं. घंटा झाली, उजवा पडदा उघडला, डावा जागच्या जागी. आणि उघडलेल्या अंगाला सिंहासनावर बसून महाराज राजदंडानं पाठ खाजवत होते. उजवीकडचे प्रेक्षक खुर्च्यांवरून घसरले. डावीकडचे एकमेकांना विचारत राहिले, काय झालं, काय झालं. व्यवस्थापकानं दोघांना एकत्र उभं करून झापलं, आणि तिथून वाद सुरू झाला. उजव्या म्हणे, डाव्यानं उशिरा ओढला. डाव्या म्हणे, उजव्यानं लवकर ओढला. पुढं नाटकघर बंद झालं, पडद्याची मखमल कुणी खुर्च्यांना लावायला नेली, व्यवस्थापक गेला, महाराजही गेले. वाद तेवढा राहिला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते दोरवाल्यांसाठीच म्हटलं असावं.

म्हातारपणी दोघं एकाच गल्लीत समोरासमोर आले. उजव्या तळमजल्यावर, विधवा थोरल्या बहिणीबरोबर. डाव्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, मुलगा-सुनेकडे. डाव्याचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्याचा जिना कायमचा सुटला. इमारतीला लिफ्ट नाही. मुलगा-सून कामावर गेले की तो खिडकीत येऊन बसायचा, दोरीला टोपली बांधून भाजीपाला वर खेचायचा, आणि रिकामा वेळ उजव्यासाठी राखून ठेवायचा.

"ए लवकर ओढणाऱ्या!" तो वरून हाळी द्यायचा. "उठलास का? की आजही माझ्या आधीच उठलास?"

उजव्या चपला सरकवत गल्लीच्या मध्यावर यायचा, मान वर करायचा, तोंड उघडायचा. "गाढवा, तू..." एवढं होईतो श्वास संपायचा. तिसऱ्या मजल्यापर्यंत आवाज पोचवायला जी छाती लागते ती त्याच्याकडं उरली नव्हती.

वर डाव्या कानामागं हात धरायचा. "काय? मान्य आहे म्हणालास? मग पहिल्यांदाच नाही का सांगायचं!" आणि खिडकी लावून घ्यायचा.

उंटावरून शेळ्या हाकणं याहून वेगळं नसतं. उजव्याच्या मनात त्यामुळं एकच गोष्ट घर करून बसली होती. ते तीन मजले चढायचे, त्या गाढवासमोर उभं राहायचं, आणि एका दमात पुरं उत्तर द्यायचं. उत्तर तयार होतं. दम नव्हता.

"लोक या वयात शांती मागतात," ताई म्हणायची. "हा जिना मागतो."

पण धाप वाढत गेली. पायाला बोट लावलं की खळगा पडायला लागला. उशीवर उशी रचून झोपावं लागायला लागलं. मग ताईनं त्याला धरून हृदयाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

बाई वयानं लहान, पण बोलणं हेडमास्तरणीचं. कागदावरच्या आडव्यातिडव्या रेघा बघत म्हणाल्या, "आजोबा, तुमचं हृदय दमलंय. त्यातून त्याच्या भिंती एकदम आकसत नाहीत. एक बाजू आधी, दुसरी मागून. रक्त पुढं जायच्या ऐवजी आतल्या आत हिंदकळतं. औषधांनी जेवढं व्हायचं तेवढं झालं."

"मागून कुठली बाजू?" उजव्या खुर्चीत पुढं सरकला.

"डावी."

उजव्या असा हसला की त्याला ठसका लागला, आणि ताईला त्याच्या पाठीत धपाटे घालावे लागले. "ऐकलंस ताई? डावी! मेला माझ्या छातीतही येऊन बसला!"

डॉक्टरबाईंनी ताईकडं बघून आवाज खाली आणला. "यांना कधीपासून असं...?"

"जन्मापासून," ताई म्हणाली. "तुम्ही पुढं सांगा."

"एक मिनिट," उजव्या डोळे पुसत म्हणाला. "उजवी लवकर तर होत नाही ना? नीट बघून सांगा, बाई. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे."

"उजवी वेळेवर आहे. डावी उशिरा."

"देव तुमचं भलं करो."

बाईंनी मग उपाय सांगितला. खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक चपटी डबी बसवायची. तिच्यातून तीन तारा हृदयाकडं जातात. दोन उजव्या अंगाला. तिसरी हृदयाच्या मागून, शिरेतून वळवत डाव्या अंगाला न्यायची. डबी दोन्ही बाजूंना एकाच वेळी टोचणी देते, आणि दोन्ही भिंती एकदम आकसतात.

"म्हणजे दोघांच्या ढुंगणावर एकदम लाथ," उजव्या म्हणाला.

"बाळ्या!" ताई ओरडली. एकाहत्तर वर्षांच्या भावाला ती अजून बाळ्याच म्हणायची.

"तसंच समजा," बाई न हसता म्हणाल्या. "पण ऐका. तिघांतल्या एकाला ही डबी बसवूनही फारसा फरक पडत नाही. एक मोठं कारण म्हणजे तिसरी तार चुकीच्या जागी बसते. तुम्हाला मागं कधीतरी झटका येऊन गेलाय. तिथला स्नायू मेलाय."

"मला? कधी?"

"आठवडाभर अपचन झालं म्हणून सोडा पीत पडला होतास, तेव्हा," ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"मेलेल्या भागावर तार टेकवली तर हाक मारून उपयोग नाही, तिथं उठणारं कुणी नाही. म्हणून मला आधी चित्र हवं. कुठला भाग मेलाय, कुठला जिवंत आहे, आणि जिवंतांतला सगळ्यात शेवटी कोण आकसतो. तार तिथं जाईल. तुमचं वय, तुमची ताकद बघता हे काम मी दुसऱ्यांदा करणार नाही. एकदाच जमवायचं."

उजव्यानं छातीवर हात ठेवला. मग म्हणाला, "आणि जमलं, तर जिना चढेन?"

"किती मजले?"

"तीन."

"कोण राहतं तिथं?"

"एक गाढव."

"याचा मित्र आहे," ताईनं खुलासा केला.

चित्र काढायचं ठिकाण इस्पितळाच्या तळघरात होतं. जाड दाराची खोली, दारावर पिवळी पाटी, आत एक टेबल आणि त्याच्याभोवती फिरणारा दोन डोक्यांचा कॅमेरा. तिथल्या मशीनवाल्या मुलीनं उजव्याच्या दंडात सुई टोचली. औषधात किंचित किरणं असतात, ती म्हणाली. रक्त जिथं पोचतं तिथं हे औषध पोचतं, जिवंत स्नायू ते धरून ठेवतो, मेलेला धरत नाही. मग आतून येणारी किरणं कॅमेरा टिपतो. जिथं जीव आहे तिथं उजेड, जिथं नाही तिथं अंधार.

"म्हणजे मी पेटलो?"

"जरासे. बाहेर बसा आता. दूध प्या, पाणी भरपूर प्या. मी हाक मारीन."

बाहेरच्या बाकावर आणखी दोन म्हातारे सुई टोचून बसले होते. उजव्यानं त्यांना पाच मिनिटांत पटवून दिलं की दिवे गेले तर आपल्या तिघांच्या उजेडात इस्पितळ चालवता येईल.

मग हाक आली. त्याला टेबलावर निजवलं, छातीवर ठोका मोजायच्या पट्ट्या चिकटवल्या, आणि दोन्ही हात डोक्यावर वर घ्यायला सांगितले.

"असेच ठेवायचे. अजिबात हलायचं नाही. हललात तर चित्र पुसट, आणि पुसट चित्रावर बाई तार टाकणार नाहीत. कळलं?"

"पोरी, मी उभा जन्म अंधारात न हलता काढलाय," उजव्या म्हणाला, आणि ते खरंच होतं.

यंत्र सुरू व्हायच्या आधी सूचना म्हणून वाजायचं. टूं. उजव्या लाकडासारखा पडून होता. टूं. त्याचे डोळे मिटले. टूं.

तिसरी घंटा. हात डोक्यावर. उजव्यानं दोन्ही मुठी आवळून सगळ्या जोरानिशी दोर खाली खेचला.

एक पट्टी निघाली, शेजारचा सलाइनचा स्टँड कलंडला, आणि कॅमेरा जागीच थांबला. मुलगी काचेमागून धावत आली. "आजोबा! काय केलंत?"

"पडदा उघडला," उजव्या ओशाळून म्हणाला.

तिला काही कळलं नाही. पुन्हा पट्ट्या लावल्या, पुन्हा हात वर. "या वेळी लक्षात ठेवा हं." उजव्यानं मनाशी घोकलं, हे नाटकघर नाही, हे नाटकघर नाही. पहिली टूं गेली. दुसरी गेली. तिसरीला त्याचं मन जागेवर राहिलं, पण हातांनी मनाला विचारलंच नाही. धाडकन खाली.

"आजोबा, तुमचं वय बघून बोलत नाही मी," मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाहीतर बोलले असते. हे औषध काय दिवसभर थांबणार आहे का तुमच्यासाठी?"

तेव्हा उजव्यानं तिला पडदा, दोर, तीन घंटा असं सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि ओठ दाबत होती. शेवटी तिला हसू आवरेना. आत जाऊन तिनं यंत्राचा आवाज पार बंद केला, मग एक रुंद पट्टा आणून त्याची मनगटं डोक्यामागं टेबलाला बांधली, आणि वर म्हणाली, "आज नाटक रद्द."

घंटा नाही, तर हात नाही. कॅमेरा गोगलगाईच्या चालीनं त्याच्या छातीभोवती फिरला. उजव्या छताकडं बघत पडून राहिला. एवढ्या शांततेत त्याला स्वतःचे ठोके ऐकू आले. एक ठाम, आणि त्याच्या मागं एक फरफटत आलेला. चित्रात अंधार किती असेल, हा विचार त्याच्या मनात आला, आणि तो त्यानं थट्टेवारी घालवायचा प्रयत्न केला. तो गेला नाही.

निघताना मुलीनं सांगितलं, "आज संध्याकाळपर्यंत तान्ह्या बाळांना मांडीवर घेऊ नका, पोटुशा बायकांजवळ बसू नका. उद्यापासून काही नाही."

ताई वरच्या मजल्यावर बिल भरायला गेली होती. ती भेटेपर्यंत उजव्याच्या डोक्यात किडा वळवळला होता.

"ताई, लांब! लांब हो!" तो दोन्ही हात पसरून म्हणाला. "माझ्यातून किरणं निघतायत. दीड महिना म्हणाली मशीनवाली. एका घरात राहायचं नाही कुणी."

ताईनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. "दीड महिना?"

"दीड महिना. मला काय हौस आहे?"

"मग मी लेकीकडं जाऊन राहते," ताई म्हणाली. "तुझी गैरसोय नको."

उजव्याला वाटलं होतं की निदान घासाघीस होईल. ताईनं घरी जाऊन पिशवी भरली, त्याचं बिनमिठाचं जेवण रोज डब्यातून येईल अशी व्यवस्था लावली, मिठाची बरणी पिशवीत घातली, आणि दिवे लागायच्या आत निघूनही गेली.

मग काय, मोकाट. सकाळी कितीही वाजता उठावं, टीव्हीचा आवाज हवा तेवढा करावा, ओला टॉवेल पलंगावर टाकावा. टोकणारं कुणी नाही. फक्त जेवण तेवढं बेचव. हृदयाच्या दुखण्यात मीठ म्हणजे विष, कारण मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, हे बाईंनी त्याला दहादा बजावलं होतं. त्याला ते पाठ होतं. पाठ असलेलं सगळंच माणूस करतो असं नाही.

"ए डाव्या," एके सकाळी त्यानं खालून खूण केली. आधी पोट दाखवलं, मग तोंड वाकडं केलं.

दुसऱ्याच्या घरात काय शिजतं ते डाव्याला खिडकीतून बरोबर कळायचं. "बेचव खातोस होय? बायकांच्या राज्यात असंच होतं. थांब!" आणि टोपली खाली आली. दोर धरायची त्याची लकब अजून तशीच होती, टोपली भिंतीला एकदाही घासली नाही. आत लोणच्याची वाटी होती. दुसऱ्या दिवशी खारे दाणे. तिसऱ्या दिवशी दोन्ही. मीठ बंद आहे हे उजव्यानं डाव्याला सांगितलंच नव्हतं. सांगायला श्वास कुठून आणायचा, असं त्यानं स्वतःला समजावलं.

पंधरवडा मजेत गेला. मग बोटाचा खळगा घोट्यावरून गुडघ्यापर्यंत चढला. उशा वाढल्या, आणि शेवटी उशा सोडून तो खुर्चीतच बसून झोपायला लागला. एकदा पाणी प्यायला उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला धरून उभा राहिला. पुढं जाववेना, मागं येववेना. घरात कुणी नव्हतं. ते त्यानंच ठरवून आणलं होतं.

कसाबसा फोनपाशी पोचून त्यानं ताईला लावला.

"ताई... किरणं... कमी झाली गं."

"असं कसं? दीड महिना कुठं झालाय?" ताई पलीकडून गोड आवाजात म्हणाली. "नको बाबा. मी म्हातारी बाई, मला सोसायची नाहीत किरणं."

"अगं... लवकर गेली."

"बाळ्या, त्या मशीनवाल्या मुलीला मी त्याच दिवशी जिन्यात गाठून विचारलं होतं. संध्याकाळपर्यंत म्हणाली ती. मी म्हटलं, देवानं सुट्टी दिलीये, घेऊन टाकावी. चाळीस वर्षांत तुझ्या ओल्या टॉवेलाशिवाय..." आणि ती थांबली. फोनमधून तिला त्याचा श्वास ऐकू आला होता. भांड्यात पाणी उकळावं तसा. "बाळ्या? काय खाल्लंस तू?"

फोन तिकडं आपटल्याचा आवाज आला.

ती आली तेव्हा तिच्या पायांत जावयाच्या चपला होत्या.

इस्पितळात नळ्या लावून त्याच्या अंगातलं पाणी काढलं. डॉक्टरबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला तो ताईसकट सगळ्यांना ऐकू गेला. "मी चित्र काढून, जागा शोधून बसले, आणि तुम्ही लोणचं खाताय! टेबलावर सपाट झोपता आलं नाही तर मी तार कुणाच्या छातीत घालू, माझ्या?" उजव्या मान खाली घालून ऐकत होता. कोपऱ्यातल्या स्टुलावर ताई पदराची गाठ मारत आणि सोडत बसली होती. तिच्या सुट्टीचा विषय तिनंही काढला नाही, त्यानंही नाही.

पाणी उतरलं तेव्हा बाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. लाल, पिवळ्या, निळ्या रंगांची, तळाशी निमुळती होत गेलेली वाटी, ठोक्याबरोबर लहानमोठी होणारी. खालच्या मागच्या अंगाला काळा डाग होता, अंगठ्यानं पुसल्यासारखा.

"हा मेलेला. आणि नेहमी आम्ही तार इथंच आसपास टाकतो, कारण इकडची शीर मोठी, सरळ. न बघता टाकली असती तर बरोबर या अंधारात गेली असती. आता हा वरचा कोपरा बघा. उजेड आहे, म्हणजे जिवंत. पण सगळे आकसून झाले की मग हा आकसतो."

उजव्या डोळे बारीक करून बघत राहिला. "अगदी तोच," तो हळूच म्हणाला. "जिवंत आहे, पण उशिरा. बाई, याचा एक फोटो मिळेल का हो?"

शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला पुरतं झोपवलं नव्हतं, फक्त खांदा बधिर केला होता. तोंडावर निळं कापड. कापडापलीकडचं सगळं ऐकू येत होतं. दोन तारा पटकन बसल्या. तिसरी बसेना. वरच्या कोपऱ्याकडं जाणारी शीर बारीक आणि नागमोडी निघाली. तार वळणावर अडायची, मागं यायची, पुन्हा अडायची.

"मॅडम, खालची शीर चांगली रुंद आहे," एक पुरुषी आवाज म्हणाला. "दोन मिनिटांत जाईल. पेशंट दमलाय."

"खालची अंधारात जाते. चित्र बघितलंस ना?"

"आपण बराच वेळ घेतलाय, मॅडम."

यंत्राची टिकटिक तेवढी चालू होती. निळ्या कापडाखाली उजव्याला घाम फुटला होता. डाव्याला द्यायचं उत्तर त्यानं मनात एकदा म्हणून पाहिलं, आणि त्याला पुढचे शब्द आठवेनात. त्याऐवजी जावयाच्या चपला आठवल्या.

"बाई," तो कापडाखालून म्हणाला, "दोर अडला की थोडा ढिला सोडून..."

"आजोबा, गप्प पडा. हा दोर नाही." मग दुसऱ्या कुणाला तरी, "बारीक तार दे. आणखी बारीक. वरच्याच शिरेत जाणार आहोत."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी बाई म्हणाल्या, "बसली. चालू करा."

आणि उजव्याचं पोट टुणकन उडालं. पुन्हा उडालं. दर ठोक्याला उचकी लागल्यासारखं पोट उड्या मारायला लागलं.

"हे काय? कोण आहे आत?"

"छाती-पोटामधल्या पडद्याची नस लागली," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांच्या आवाजात हसू होतं. "घाबरू नका. केसभर मागं घेते." तार केसभर सरकली. पोट निजलं. "आता?"

उजव्यानं उत्तर द्यायला श्वास घेतला, आणि तो आत गेला. सवयीनं तो अर्ध्यावर थांबला. पण श्वासाला अजून जागा होती.

"आता बरं आहे," तो म्हणाला. एवढंच.

डबी डाव्या खांद्याखाली असल्यानं तो हात काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नव्हता. ताईनं तो झोळीत बांधून ठेवला आणि गाठ अशी मारली की सोडायची तर तिलाच हाक मारावी लागे. मीठ कुलपात गेलं. पायांची सूज उतरली. उशा एकेक करून कपाटात गेल्या. एका सकाळी तो गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला, आणि परत आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण वाटेत कुठं थांबलो नाही.

खिडकीतून डाव्या बघत होता. पण हल्ली तो हाळी देत नव्हता. टोपलीही खाली येत नव्हती.

मग एके दिवशी दुपारी उजव्या जिन्याशी उभा राहिला. मागं ताई, हातात घडीची खुर्ची. पहिल्या मजल्यावर तिनं खुर्ची उघडली, तो बसला नाही. दुसऱ्यावर उघडली, तो बसला, पण फक्त तिचं मन राखायला. तिसऱ्यावर दार उघडंच होतं. छाती वरखाली होत होती, पण शब्दांपुरता वारा आत होता. तो सरळ खिडकीपाशी गेला.

जवळून डाव्या फारच लहान दिसला. खालून बघताना तो नेहमी धिप्पाड वाटायचा.

"गाढवा," उजव्यानं सुरुवात केली. "तिसरी घंटा झाल्यावर मी ओढला, घंटेच्या आधी नाही आणि नंतर नाही, महाराज पाठ खाजवत होते तो दोष महाराजांचा, पण अर्धाच राजा दिसला तो दोष तुझा, कारण तू उशिरा ओढलास, नेहमी उशिरा ओढलास, आणि हे मी म्हणत नाही, हे डॉक्टर म्हणतात, हे बघ!" एका दमात. त्यानं फोटो डाव्याच्या मांडीवर ठेवला.

डाव्यानं फोटो उचलून उजेडात धरला. "हे काळं काय आहे?"

"ते मेलेलं आहे. तू तो वरचा."

डाव्याचा हात खाली आला. "लोणचं मी पाठवलं होतं," तो म्हणाला. "तुझ्या बहिणीनं जिन्यातून ओरडून सांगितलं मला, तू इस्पितळात गेलास तेव्हा. मला ठाऊक नव्हतं रे." मग फोटोकडं बघत, "तू म्हणतोस ते बरोबर. मी उशिरा ओढायचो. जाऊ दे आता."

उजव्या एवढी वर्षं ज्या शब्दांसाठी झुरला ते समोर पडले होते, आणि उचलावेसे वाटत नव्हते.

"म्हणजे?" तो भडकला. "मी छातीत तार घालून, तीन मजले चढून आलो ते दान घ्यायला? भांड की लेका!"

"कशावरून भांडू? तू खरा आहेस."

"मी खरा नाही! कुणी सांगितलं मी खरा आहे? लोणचं मी मागितलं, मीठ बंद आहे हे मी लपवलं. आणि ऐक, त्या रात्री घंटेच्या जरा आधीच ओढला असेन मी. माझे हात माझं ऐकत नाहीत. मशीनवालीला विचार."

डाव्याच्या डोळ्यांत कुठंतरी काडी ओढल्यासारखं झालं. "जरा आधी?"

"असेल."

"जरा?" डाव्या खुर्चीत सरळ झाला. "घंटावाल्याचा हात घंटेला लागायच्या आत तुझा दोर खाली असायचा! ताई, ऐकलंत ना? कबूल झाला! सूनबाई घरी आली की तिला सांगा कुणीतरी..."

"असेल म्हणालो, आहे नाही म्हणालो, बहिऱ्या!"

"शब्द फिरवतोस?"

ताईनं घडीची खुर्ची उघडली आणि स्वतः त्यावर बसली. दोघांचे आवाज खिडकीतून बाहेर पडून गल्लीत उतरत होते, आणि खालून जाणारी माणसं मान वर करून बघत होती. दिवे लागले तरी भांडण आटपेना, तेव्हा तिनं एकटीनं जिना उतरायची धमकी दिली. तेव्हा कुठं उजव्या उठला. उद्या येतो म्हणाला. रोजच जायला लागला.

उजव्याच्या भाचीला मुलगी झाली त्या वर्षाच्या थंडीत डाव्या गेला, घरी, दुपारच्या झोपेत. उजव्या त्यानंतर चार वर्षांनी गेला, नात शाळेत जायला लागली त्या महिन्यात. ताई शेजारी होती. ताई अजून आहे.